समन्वयाच्या आधी : एकनाथ, शेख महंमद आणि वेशांतराची परंपरा

मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासात 'समन्वय' ही संज्ञा इतकी रुळली आहे की तिच्याविषयी प्रश्न उपस्थित करणे म्हणजे संतांच्या औदार्याविषयी शंका घेणे, असा समज सहज होतो. भक्तिसंप्रदाय आणि सूफी पंथ यांच्या मध्ययुगीन संबंधांची चर्चा निघाली म्हणजे तर ही संज्ञा अपरिहार्यच ठरते. वेदान्तातील अद्वैत आणि इस्लाममधील तौहीद यांची गाठ पडली, संतांनी आणि सूफींनी ती दृढ केली आणि सामान्य जनांना ऐक्याचा मार्ग दाखवला, असा या मांडणीचा साचा आहे. हा साचा खोटा आहे असे नव्हे. मात्र तो एकदा स्वीकारला की संहिता वाचण्याची निकडच उरत नाही, ही त्याची खरी अडचण आहे. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. अभंग, ओवी आणि भारुड यांच्याकडे त्या निष्कर्षाचे दाखले म्हणूनच पाहिले जाते.

या संज्ञेला स्वतःचा इतिहास आहे आणि तो फार जुना नाही. न्या. रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथात संतांच्या कार्याची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली आणि संतचळवळीला राष्ट्रनिर्मितीच्या पूर्वतयारीचे स्थान दिले. राजवाड्यांनी नेमकी उलट बाजू घेऊन संतांवर निष्क्रियतेचा ठपका ठेवला. पुढे गं. बा. सरदारांनी 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (१९५०) या ग्रंथात हा वाद सामाजिक पायावर आणला. उत्तरेकडे ताराचंद यांचा इस्लामच्या भारतीय संस्कृतीवरील प्रभावाविषयीचा ग्रंथ १९३६ साली छापून आला आणि भक्तिपरंपरेचा इस्लामशी असलेला संबंध 'प्रभाव' या शब्दात बांधला गेला. त्याच्या प्रतिवादात भक्तिचळवळ ही आक्रमणाविरुद्धची तटबंदी होती, असे म्हणणारी बाजू उभी राहिली. एका पक्षाला संगम दिसतो आणि दुसऱ्याला तटबंदी. दोहोंचे गृहीतक मात्र एकच आहे. 'हिंदू' आणि 'मुसलमान' हे दोन घट्ट, पूर्वसिद्ध पिंड आधी अस्तित्वात होते आणि नंतर ते एकमेकांना भेटले किंवा भिडले, हे ते गृहीतक. खुद्द 'भक्ति-आंदोलन' ही कल्पनाच विसाव्या शतकातील राष्ट्रीय गरजांतून कशी आकाराला आली, याचा माग जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी २०१५ सालच्या आपल्या ग्रंथात काढला आहे. मराठीपुरते बोलायचे तर हे काम अजून अपुरे आहे.

बंगालमधील मुस्लिम कवींच्या रचनांचा विचार करताना टोनी स्ट्यूअर्ट यांनी २००१ साली एक वेगळी दिशा सुचवली. सतराव्या शतकातला बंगाली सूफी कवी अवतार, नारायण असे शब्द वापरतो तेव्हा तो दोन धर्मांचे मिश्रण करीत नसतो. आपल्या भाषेत उपलब्ध असलेल्या शब्दांतून आपल्या ईश्वरशास्त्राला समतुल्य असे काही शोधत असतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे प्रश्न श्रद्धेच्या मिश्रणाचा न राहता भाषांतराचा होतो. ही सूचना मोलाची आहे. तरीही ती मराठीला जशीच्या तशी लागू करता येत नाही. देवगिरी, पैठण आणि श्रीगोंदे या टापूत सोळाव्या-सतराव्या शतकांत जे लिहिले गेले, त्यात समतुल्य शब्दांच्या शोधापेक्षा भेद तसाच ठेवून त्याचीच वाङ्मयीन सामग्री करण्याची प्रवृत्ती ठळक आहे. भांडण, सोंग, वेशांतर, सरकारी कागद, एकाच कडव्यात बदलणारी भाषा ही तिची साधने आहेत. समन्वयाचा निष्कर्ष काढण्याआधी ही साधने पाहिली पाहिजेत.

देवगिरीची भूमी या दृष्टीने असाधारण आहे. मुहंमद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादेला राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतील निजामुद्दीन औलियांच्या शिष्यपरिवारातील अनेकजण दक्षिणेत आले. बुर्हानुद्दीन गरीब १३३७ साली निवर्तले; त्यांची कबर जवळच खुलताबादेत आहे. निजामुद्दीनांची संभाषणे 'फवाइदुल फुआद' या ग्रंथात उतरवून घेणारा फारसी कवी अमीर हसन याचीही कबर तेथेच. गुरूचे बोलणे शिष्याने तारखेनिशी लिहून ठेवायचे, हा 'मलफूजात' नावाचा वाङ्मयप्रकार या मंडळींनी दक्षिणेत रुजवला. कार्ल अर्न्स्ट यांनी १९९२ साली खुलताबादच्या परंपरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. या आरंभीच्या संभाषणग्रंथांत धर्मांतराची उठाठेव जवळजवळ नाही आणि तलवार घेऊन आलेल्या औलियांच्या कथा बऱ्याच नंतरच्या आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. लीळाचरित्राच्या अभ्यासकाला हे वाचताना आपल्या परिचयाचे काही दिसल्यावाचून राहणार नाही. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी जमवल्या, त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत, त्याच गोदातीराच्या परिसरात, दुसरा एक समुदाय आपल्या गुरूचे शब्द फारसीतून टिपत होता. या दोहोंत देवाणघेवाण झाली असे सुचवण्याचे कारण नाही. पण गुरुवचन हे गद्यात, प्रसंगासह आणि स्थळासह जपण्याची गरज दोघांनाही भासली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदवली जायला हवी होती.

बहमनी राजवटीच्या काळात केंद्र गुलबर्ग्याकडे आणि पुढे विजापूरकडे सरकले. गेसूदराज यांचे १४२२ साली गुलबर्ग्यास निधन झाले. त्यानंतरची विजापूरची सूफी परंपरा रिचर्ड ईटन यांच्या १९७८ सालच्या ग्रंथामुळे अभ्यासकांच्या परिचयाची झाली. ईटन यांनी ज्या दखनी रचनांकडे लक्ष वेधले त्यांत 'चक्कीनामा' हा प्रकार आहे. दळताना बायकांनी म्हणायची ही गीते. त्यांत जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, मधला खिळा म्हणजे पैगंबर अशी रूपके येतात. मराठी वाचकाला येथे जात्यावरची ओवी आणि जनाबाईंच्या नावावरील दळणाचे अभंग आठवणारच. मात्र येथेही घाई नको. जात्यावरची ओवी बाईने स्वतः रचलेली असते. चक्कीनामा पीराच्या खानकाहीतून घरात आलेला असतो. श्रमाचा ताल एक आहे, कर्तृत्वाची दिशा उलटी आहे. समन्वयवादी वाचनात हा फरक नाहीसा होतो आणि नेमका तोच फरक समाजेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो.

दोन्ही परंपरांत खरोखर समांतर म्हणावी अशी गोष्ट आहे ती भाषेविषयीच्या समर्थनाची. मीराँजी शम्सुल उश्शाक यांनी अरबी-फारसी न जाणणाऱ्यांसाठी आपण हिंदीत लिहितो असे स्पष्टीकरण दिले, आणि त्यांचे पुत्र बुर्हानुद्दीन जानम, ज्यांचा 'इर्शादनामा' १५८२ सालचा आहे, त्यांनीही देशी भाषेची बाजू मांडली. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंतच्या मराठी ग्रंथकारांना हे समर्थन द्यावे लागले होते आणि १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या फादर स्टीफन्स यांनाही ते चुकले नाही. संस्कृत, फारसी-अरबी आणि लॅटिन या तीन शास्त्रभाषांच्या दडपणाखाली असलेले लेखक जवळपास एकाच शतकात, दख्खन आणि कोकण या प्रदेशांत, तीच तक्रार तीन धर्मांच्या वतीने करतात. एकमेकांचे वाचून ते असे लिहीत होते असे मुळीच नाही. देशी भाषेत ईश्वराविषयी लिहिणाऱ्याची सामाजिक स्थितीच तशी होती. 'प्रभाव' या शब्दाने हे साम्य उलगडत नाही.

एकनाथांकडे वळताना त्यांच्या गुरुगृहाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. जनार्दनस्वामी निजामशाहीच्या सेवेत देवगिरीचे किल्लेदार होते. हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागवली, ही महिपतींनी सांगितलेली कथा भक्तीच्या एकाग्रतेचे रूपक म्हणून कीर्तनांतून नेहमी येते. ती एका दफ्तराची कथाही आहे, इकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ते दफ्तर फारसी वळणाचे होते. नाथांच्या गाथेतील 'अर्जदास्त', 'कौलनामा', 'अभयपत्र', 'ताकीदपत्र' या रचना पाहिल्या म्हणजे या दफ्तराने मराठी भक्तिकाव्याला काय दिले ते उमगते. 'अर्जदास्त' म्हणजे धन्याकडे पाठवलेला विनंतिअर्ज. त्यात देह हा परगणा आहे, जीव तेथील शेखदार, बुद्धी कारकून. विकारांना गावगाड्यातील आणि अंमलातील हुद्दे दिलेले आहेत. म्हातारपण चाल करून येते आणि मुलूख उजाड होऊ लागतो. मायना, मजकूर आणि शेवट हे सारे कागदपत्रांच्या ठरीव घाटात बसवलेले आहे. या विडंबनाला हसणारा श्रोता परगणा, ताकीद आणि कौल यांचा अर्थ स्वतःच्या अनुभवाने जाणत होता. सारावसुलीचा तगादा त्याच्या दारात येत होता. सत्तेची भाषा भक्तीच्या आसनावर बसवण्यात येथे जो विनोद आहे, त्यात थोडी भीतीही मिसळलेली आहे. शेवटी ज्या धन्याकडे दाद मागायची तो परमेश्वर आहे, निजामशाहीचा अंमलदार नव्हे. शिवकाळात 'राजव्यवहारकोश' तयार करून फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला. नाथांना अशी शुद्धी करण्याची गरज वाटली नाही, कारण त्यांच्या रचनेतला अर्थच त्या शब्दांच्या परकेपणावर आणि दराऱ्यावर उभा होता.

गाथेतील सर्वच भारुडे नाथांची, असे ठामपणे म्हणता येत नाही. गाथा ही उत्तरकालीन हस्तलिखितांतून आणि गायकीच्या परंपरेतून सिद्ध झालेली आहे. फकीर, दरवेश, मलंग, हबशी यांची सोंगे असलेल्या हिंदुस्थानी भाषेतील रचनांविषयी तर ही सावधगिरी अधिकच हवी. तथापि एवढ्या संख्येने अशा रचना एकनाथांच्या नावावर जमाव्यात, नामदेव किंवा तुकाराम यांच्या नावावर तेवढ्या जमू नयेत, हाही एक पुरावाच आहे. परंपरेने नाथांना जे विशेष सामर्थ्य बहाल केले ते परक्याच्या तोंडून बोलण्याचे.

'हिंदू-तुर्क संवाद' ही रचना या सामर्थ्याची कसोटी आहे. समन्वयाचा सर्वांत ठळक पुरावा म्हणून ती उद्धृत केली जाते, आणि गंमत अशी की तिचा बहुतांश भाग कडाक्याच्या भांडणाचा आहे. तुर्क पुराणांतील देवांची टवाळी करतो. ब्रह्मदेवाचे वर्तन, विष्णूचे पशुरूपी अवतार, कृष्णाच्या चोऱ्या, काहीही सोडत नाही. हिंदूही मागे हटत नाही. पश्चिमेकडे तोंड करून केल्या जाणाऱ्या नमाजाविषयी, प्राणिहत्येविषयी तो बोचरे प्रश्न विचारतो. बाटवण्याचा विषय निघतो तेव्हा त्याचा युक्तिवाद विशेष धारदार होतो: ईश्वराने हिंदू निर्माण केले ही त्याची चूक आणि ती दुरुस्त करणारा तुर्क ईश्वराहून शहाणा, असे मानायचे काय? शेवटी दोघे परस्परांना नमस्कार करतात आणि वाद मिटतो. हा शेवट अनेकांना पुरेसा वाटतो. पण रचनेचे बळ शेवटात नसून मधल्या भागात आहे. हिंदूंच्या सोवळेओवळ्यावर, एकमेकांच्या पंक्तीला न बसण्याच्या रीतीवर तुर्क जे बोलतो ते खोडून काढण्याची नाथांना घाई नाही. पैठणच्या ब्राह्मणाने स्वतःच्या समाजाविषयी उघडपणे बोलणे कठीण असे बरेच काही येथे तुर्काच्या तोंडी आले आहे. परक्याचे सोंग घेतल्यावर आत्मपरीक्षण शक्य होते, ही भारुडाची मूलभूत युक्ती. येथे ती धर्मभेदाच्या रेषेवर वापरली आहे.

या रचनेवर बाख्तिनची संवादमीमांसा लावण्याचा मोह आवरणे कठीण आहे. दोन आवाज, दोन भाषा, परस्परांचे विडंबन हे सारे तेथे आहे. परंतु बाख्तिनच्या विचारात संवादाला शेवट नसतो, नाथांच्या संवादाला आहे. तो शेवट अद्वैताच्या भूमीवर होतो, आणि ती भूमी निवडणारा पंच संवादाच्या बाहेर, कीर्तनाच्या व्यासपीठावर उभा आहे. आणखी एक गोष्ट: येथे बोलणारा 'तुर्क' आहे. या शब्दात धर्म, वंश आणि सत्ता एकत्र येतात. समोरच्याला तुर्क म्हणणारा त्याच्यात केवळ दुसऱ्या पंथाचा भक्त पाहत नाही, राज्यकर्त्या वर्गाचा माणूस पाहतो. म्हणून हा धर्मपरिषदेतला वाद नसून बाजारात किंवा कचेरीच्या वाटेवर होऊ शकेल असा वाद आहे.

गुरुपरंपरेच्या प्रश्नावर येताच चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. तीन ग्रंथ समोर ठेवावे लागतात. पहिला एकनाथांचे भागवत. हा ग्रंथ शके १४९५ म्हणजे १५७३ साली वाराणसीत पूर्ण झाला. त्यात जनार्दनस्वामींवर दत्तात्रेयांनी कृपा केल्याचे वर्णन आहे; सहस्रार्जुन, यदु आणि कलियुगात जनार्दन अशी दत्तशिष्यांची मालिका नाथ देतात. मध्यस्थ गुरू नाही, वेशांतर नाही. दुसरा ग्रंथ शेख महंमद यांचा 'योगसंग्राम', शके १५६७ म्हणजे १६४५ चा. त्यात सद्गुरू चांद बोधले यांना वंदन करून शेख महंमद सांगतात की चांद बोधल्यांनी जानोपंतांचा अंगीकार केला आणि जानोबांनी एकनाथांना उपदेश दिला. तिसरा ग्रंथ महिपतींचा 'भक्तलीलामृत', शके १६९६ म्हणजे १७७४ चा. येथे दत्तात्रेय देवगिरीच्या परिसरात मलंगाच्या वेशात येतात. सोबत कुत्रीच्या रूपात कामधेनू असते. तिचे दूध काढले जाते, गुरुशिष्य एका पात्रात जेवतात, आणि कोवळे एकनाथ हे सारे संकोचाने पाहतात.

रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' (१९६७) या ग्रंथात आणि नंतरच्या लेखनात या सामग्रीची जी संगती लावली ती मराठी संशोधनातील एक धाडसी मांडणी आहे. मलंगवेशातील दत्त म्हणजे प्रत्यक्षातील सूफी गुरूची, चांद बोधल्यांची, स्मृती. ती स्मृती उत्तरकालीन परंपरेला अडचणीची वाटली म्हणून माणूस झाकला गेला आणि देव पुढे आला, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. दौलताबादेस चांद बोधल्यांचे म्हणून दाखवले जाणारे स्थान दर्ग्याच्या रूपातले आहे, हेही या मांडणीला पोषक ठरते. अलीकडे दुशान देआक यांच्यासारख्या अभ्यासकांनी चांद बोधल्यांविषयीचा प्रत्यक्ष पुरावा किती थोड्या संहितांवर आधारलेला आहे, याकडे लक्ष वेधून सावधगिरीचा सल्ला दिला आहे. तो रास्त आहे. मात्र वादाचा निकाल काहीही लागला तरी एक वाङ्मयीन प्रश्न दोन्ही बाजूंनी मोकळाच राहतो: लपवायचेच होते, तर मलंग ठेवला कशाला?

नाथांच्या भागवतात मलंग नाही. म्हणजे मलंगावाचून चालणारी, प्रतिष्ठित, खुद्द नाथांच्या मुखातील आवृत्ती उपलब्ध होती. महिपती तीवर थांबू शकले असते. दोनशे वर्षांनंतर, पेशवाईच्या काळात, ताहराबादच्या या ब्राह्मण चरित्रकाराला देवाच्या अंगावर फकिराची कफनी चढवावीशी वाटते. एवढेच नव्हे तर कुत्री, उष्टे आणि एकत्र भोजन असे विटाळाचे सगळे तपशील तो सविस्तर सांगतो. हे झाकणे असेल तर फार विचित्र झाकणे आहे. ज्या वस्त्राने झाकले त्या वस्त्रावरच झाकलेल्याची खूण आहे.

मराठी संतचरित्रांत देवाचे वेशांतर ही परिचित रूढी आहे. दामाजीपंतांसाठी विठ्ठल विठू महार होऊन बिदरच्या दरबारी रक्कम भरतो, नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहतो, सेना न्हाव्याऐवजी आरसा आणि धोकटी घेऊन राजासमोर जातो. मलंगाचे वेशांतर याच कुळातले आहे, पण त्यात एक फरक आहे आणि तो निर्णायक आहे. महार, चाकर, न्हावी या रूपांत देव सेवा करतो. भक्ताचे काम अंगावर घेतो. मलंगाच्या रूपात तो सेवा करीत नाही, उपदेश करतो, परीक्षा घेतो, अनुग्रह देतो. पहिल्या प्रकारात खालच्या मानलेल्या श्रमाला देवाचा स्पर्श होतो. दुसऱ्या प्रकारात परक्या धर्माच्या माणसाकडे गुरुपदाचा अधिकार जातो. मध्ययुगीन मराठी कल्पनाशक्तीने महाराला देवाचे रूप दिले, पण महाराच्या रूपातील देवाला ब्राह्मणाचा गुरू केले नाही. फकिराला केले. याचे कारण उदारमतात शोधण्यापेक्षा दख्खनच्या समाजरचनेत शोधणे श्रेयस्कर. पीराला तेथे राजदरबारी मान होता, इनामे होती, आणि त्याच्या शब्दाला वजन होते. मालोजी भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या कृपेने झालेल्या पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा याच वातावरणातली. वेशांतराची कथा समाजातील अधिकाराची उतरंड उलटवते असे आपाततः वाटते. बारकाईने पाहता ती त्या उतरंडीचे भान ठेवूनच रचलेली असते.

दत्तसंप्रदायाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. 'गुरुचरित्र' हा आचारधर्माचा कडक पुरस्कार करणारा ग्रंथ. त्यातही बिदरचा म्लेंच्छ राजा नृसिंहसरस्वतींना शरण येतो आणि व्याधिमुक्त होतो. पण तेथे तो राजा पूर्वजन्मीचा रजक असतो, स्वामींचा जुना भक्त. त्याचे परकेपण पूर्वजन्माच्या कथेने मिटवूनच त्याला आत घेतले जाते. मलंगाला अशी पूर्वकथा नाही. तो परका म्हणूनच येतो. एकाच संप्रदायाने परक्याला सामावण्याच्या या दोन वेगळ्या रीती हाताळल्या आहेत. दोहोंना मिळून समन्वय म्हणायचे ठरवले तर तो शब्द काहीच सांगत नाही.

शेख महंमद यांच्यापाशी आल्यावर वेशांतराची गरजच संपते, कारण येथे बोलणारा स्वतःच 'अविंध' आहे आणि तसे तो म्हणून घेतो. मालोजी भोसल्यांनी त्यांना श्रीगोंद्यास मठ करून दिला, असे परंपरा सांगते. वा. सी. बेंद्रे यांनी १९५९ साली 'योगसंग्राम' संपादून प्रसिद्ध केला आणि पाठोपाठ त्यांच्या इतर कवितांचाही संग्रह आणला, तेव्हापासून ही संहिता अभ्यासकांच्या हाती आहे. तरी वाङ्मयेतिहासांत शेख महंमद यांना बहुधा 'मुसलमान संतकवी' या स्वतंत्र प्रकरणात जागा मिळते. या वर्गीकरणात एक सोय आहे. त्यांना वेगळे काढून गौरवता येते आणि तुकारामांच्या समकालीन कवीला तुकारामांच्या शेजारी ठेवून वाचण्याची जबाबदारी टळते.

'योगसंग्राम'ची रचना अठरा प्रसंगांची आहे. साधकाचा स्वतःच्या विकारांशी चाललेला रणसंग्राम हे त्याचे मुख्य रूपक. षड्रिपूंशी युद्ध ही मराठी वाचकाला ओळखीची कल्पना. तुकारामांनाही ती प्रिय होती. सूफी वाचकाला तितक्याच सहज नफ्सविरुद्धचा, म्हणजे स्वतःतील वासनामय जिवाविरुद्धचा, 'मोठा जिहाद' आठवेल. कवीने कोणता अर्थ योजला होता, हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. रूपकाची निवडच अशी आहे की दोन शब्दकोश घेऊन आलेले दोन वाचक त्यात शिरू शकतात आणि कोणालाही दार वाकून ओलांडावे लागत नाही. त्याचबरोबर हा ग्रंथ गोड नाही. ढोंगी गुरू, दाखवेगिरी करणारे फकीर, नवसाला पावणारी क्षुद्र दैवते यांच्यावर शेख महंमद कठोर प्रहार करतात. भाषा ओबडधोबड, वेळी शिवराळही होते. ऐक्याचे गोडवे गाणारा कवी म्हणून ज्यांनी त्यांना ऐकलेले असते, त्यांना मूळ ग्रंथ वाचताना धक्का बसतो.

त्यातील एका ओवीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. मुसलमान ज्याला खरा पीर म्हणतात त्याला मऱ्हाष्ट सद्गुरू म्हणतात, दोहोंत भेद नाही, डोळे उघडून पाहा, असा तिचा आशय आहे. आशय म्हणून पाहिला तर ते समन्वयाचे नेहमीचे विधान. पण ओवीची घडण पाहावी. पहिला चरण दखनीच्या वळणाचा, मधले मराठी, अखेरचा पुन्हा दखनी. ज्याची संज्ञा सांगायची त्याच्या भाषेत ती सांगितली जाते आणि डोळे उघडण्याचे आवाहन परत पहिल्या भाषेत होते. अभेदाचे विधान भाषाभेद टिकवून केलेले आहे. याहून लक्षणीय आहे ती नामांची जोडी. 'मुसलमान' या शब्दासमोर कवीने 'हिंदू' ठेवलेला नाही. 'मऱ्हाष्ट' ठेवला आहे. एका बाजूस धर्मवाचक नाम आणि दुसऱ्या बाजूस देशभाषावाचक. आजच्या वर्गीकरणाला ही जोडी विजोड वाटेल. शेख महंमद यांना ती तशी वाटत नव्हती, आणि त्यांच्या श्रोत्यांनाही वाटली नसावी. स्वतः कवी या जोडीत कोणत्या बाजूस उभा आहे? नावाने पहिल्या, ग्रंथभाषेने दुसऱ्या. ओवी या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ती दोन्ही भाषांत बोलून मोकळी होते.

श्रीगोंद्यातील त्यांच्या समाधिस्थानाला मंदिर म्हणावे की दर्गा, यावरून अलीकडच्या वर्षांत वाद झाले आहेत. त्या वादात दोन्ही बाजू शेख महंमद यांचे दाखले देतात आणि दोन्ही बाजूंना अनुकूल दाखले मिळतातही. वाङ्मयसमीक्षेने न्यायनिवाडा करण्याचे कारण नाही. पण 'समन्वय' या शब्दाने आजवर जी हमी दिली होती ती अशा वेळी किती अपुरी ठरते, हे येथे दिसून येते. सारे एकच असल्याची ग्वाही मिळाली की पुढचा प्रश्न 'मग नाव कोणाचे?' हाच राहतो, आणि त्याला ग्वाहीपाशी उत्तर नसते. 'योगसंग्राम'मध्ये पीर आणि सद्गुरू ही दोन्ही नावे शेजारीशेजारी ठेवलेली आहेत; एकाला दुसऱ्यात विरघळवलेले नाही.

या संहितांच्या अभ्यासाची एक बाजू आजही जवळजवळ कोरी आहे. नाथांच्या गाथेतील हिंदुस्थानी रचना आणि शेख महंमद यांचे मिश्रभाषिक चरण यांची छाननी मराठीच्या अभ्यासकांनी 'अशुद्ध हिंदी' म्हणून टाळली आणि उर्दूच्या अभ्यासकांपर्यंत त्या देवनागरी आणि मोडी लिपींच्या भिंतीमुळे पोहोचल्या नाहीत. वास्तविक जानम यांच्या 'इर्शादनामा'ची दखनी आणि नाथांच्या नावावरील फकीर-दरवेशांची दखनी ही एकाच शतकातील, शेजारच्या राज्यांतील भाषा आहे. एकीचे व्याकरण दुसरीवर लावून पाहिले, तर गाथेतील कोणती रचना सोळाव्या शतकातील असू शकते आणि कोणती अठराव्या शतकातील कीर्तनकाराच्या मुखातून आली, हे ठरवण्याला काही आधार मिळेल. हिंदू-तुर्क संवादातील तुर्क दौलताबादच्या पेठेत ऐकू येणारी भाषा बोलतो, की कीर्तनाच्या श्रोत्यांना तुर्काची वाटेल अशी रचलेली भाषा बोलतो, हे कळण्याचाही दुसरा मार्ग नाही.